गोदाबाईंच्या खानावळीची पाटी

“अजून किती जुनी करू, चाचा?” केतकीनं विचारलं.

रसूल पेंटर कट्ट्यावर बसून कात्रीनं ब्रशाचे केस सारखे करत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“चौथ्यांदा करतेय मी ही पाटी. चहाचं पाणी झालं, राख झाली, मिठाचं पाणी मारून गंज आणला. सर बघतात आणि म्हणतात, खोटी वाटते.”

“का म्हणत्यात?”

“ते त्यांनाही सांगता येत नाही.”

“मग बरं हाय.”

“त्यात बरं काय आहे?”

चाचांनी दोन केस कापले, ब्रशावर फुंकर मारली आणि तो उजेडात धरून बघितला.

…

मी त्या सेटवर सुतार होतो. पाट्या तयार झाल्या की ठोकायच्या, दिग्दर्शकाला पटल्या नाहीत की उतरवायच्या, हे माझं काम. ही पाटी मी तीनदा ठोकून तीनदा उतरवली होती. त्यामुळं या प्रकरणात माझाही जीव गुंतलेला होता, निदान खांदे तरी.

कोल्हापूरबाहेरच्या माळावर सिनेमासाठी एक अख्खी पेठ उभी केलेली होती. सिनेमातलं साल एकोणीसशे एकोणसाठ. पुढून बघाल तर घड्याळजी, कासार, वैद्य, सायकलवाला. मागून बघाल तर बांबू आणि प्लायवूड. एकतीस दुकानं, एकतीस पाट्या. शिवाय पोस्टाची पेटी, एसटीचं वेळापत्रक, काड्यापेट्यांवरची चित्रं. ते सगळं केतकी बिवलकरनं बेतलेलं.

केतकी मुंबईत शिकलेली. हुशार होती, आणि आपण हुशार आहोत ही बातमी तिला वेळेवर पोचलेली होती. आठ महिने ग्रंथालयांत बसून तिनं जुनी मासिकं आणि जाहिराती चाळल्या होत्या. त्यावरून संगणकावर अक्षरं तयार केली, त्यांचे स्टेन्सिल कापून घेतले. चाचांनी त्या भोकांतून रंग भरायचा, बस्स. पन्नास वर्षं हातानं पाट्या लिहिलेल्या माणसाला भोकांतून रंग भरायला लावणं मला तरी बरं वाटत नव्हतं. चाचा मात्र कधी चकार शब्द बोलले नाहीत.

तीस पाट्या नुसत्या कडेनं दिसणार होत्या, माणसं पुढून जाता-येता. एकच पाटी पडदाभर दिसणार होती. गोदाबाईंच्या खानावळीची.

सिनेमातली गोदाबाई विधवा. वीस वर्षं दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाक केलेली. चाळिशीत अक्षरं शिकते आणि स्वतःची खानावळ काढते. दारावर आपल्या नावाची पाटी पहिल्यांदा बघते, तो हा सीन.

दिग्दर्शक सबनीसांनी त्या सकाळीच केतकीला सांगितलं होतं, “उद्या सातला शॉट आहे. तोवर पाटी जमली तर जमली. नाहीतर मी कॅमेरा खाली घेईन. पाटी फ्रेममध्ये येणारच नाही.”

ते ओरडले नव्हते. ओरडले असते तर तिला सोपं गेलं असतं. आठ महिन्यांच्या कामातली लोकांनी वाचावी अशी ती एकच गोष्ट होती, आणि नेमकी तीच जाणार होती.

…

“चाचा, मी तुम्हाला विचारतेय.”

“विचारा की, ताई.”

“हिच्यात काय कमी आहे?”

चाचांनी पाटीकडं पाहिलं. कोपऱ्यांत गंज, खिळ्यांच्या भोकांखाली तांबूस ओघळ, ‘खा’चा अर्धा रंग उडालेला. खोटं कशाला बोलू, काम नंबरी होतं. माझ्या आज्याच्या वेळची पाटी कुणी माळ्यावरून काढून आणली असं वाटत होतं.

“वार कुठला?” चाचा म्हणाले.

“कसला वार?”

“गोदाबाईनं पाटी लावली तो.”

“सीन बेचाळीस आहे तो.”

“मी वार विचारला.”

केतकीनं पिशवीतून पटकथा काढली, पानं उलटली.

“वार नाही लिहिलेला. नुसतं ‘सकाळ’ लिहिलंय.”

“मग विचारून या.”

ती गेली. सबनीस पेठेच्या दुसऱ्या टोकाला टांग्याच्या सीनमध्ये अडकले होते. टांग्याचा घोडा ऐकत नव्हता आणि त्याचा राग केतकीवर निघाला. ती परत आली तेव्हा तिचे कान लाल झालेले होते.

“सर म्हणाले, वाराशी प्रेक्षकाला काय करायचंय?”

“प्रेक्षकाला न्हाई. बाईला करायचंय.”

“कुठल्या बाईला?”

चाचांनी पाटीवरच्या नावाकडं हनुवटीनं खूण केली.

केतकी हसली. ते हसू काही चांगलं नव्हतं.

“चाचा, गोदाबाई नाहीये. कुणीतरी लिहिलंय तिला. ही भिंत प्लायवूडची आहे. मला कोडी नकोत, मला उद्या सातच्या आत पाटी हवीय.”

“बरं,” चाचा म्हणाले आणि दुसरा ब्रश उचलला.

…

मी रंधा मारत होतो, तोही हळू करून ऐकत होतो. कानाला काम नसतं, हाताला असतं.

“चुलीवर काय हाय तिच्या?” चाचांनी विचारलं.

“आता हे काय?”

“वार ठाऊक न्हाई म्हणून विचारलं. बाजारचा दिस असला तर भाकरी जास्ती थापाय लागतील. एकादशी असली तर गिऱ्हाईकच न्हाई. आत चूल पेटलीया. बाई भाईर येती, पाटी बघती. आत काय शिजतंय?”

“मला माहीत नाही.”

“आठ म्हैने अभ्यास केलासा.”

हे लागलं. केतकीनं पटकथा आपटली. धुळीचा लहानसा फुपाटा उडाला.

“आमटी. आमटी शिजतेय. झालं? पहिल्या दिवसाची आमटी.”

“पहिल्या?”

“हो, पहिल्या…”

आणि ती थांबली.

…

“पहिल्या दिवसाची,” ती पुन्हा म्हणाली, पण आता आवाज खाली आलेला होता.

तिनं पाटीकडं पाहिलं. गंजाकडं पाहिलं. मग जवळ जाऊन एक ओघळ नखानं खरवडला आणि तशीच मातीत बसली.

मला कळायला जरा वेळ लागला, पण कळलं. पाटी आज लागतेय. आज लागणाऱ्या पाटीला गंज कुठून येणार? इतकी साधी गोष्ट. पण जुन्या काळचा सिनेमा म्हटला की या लोकांचा हात आपोआप गंजाकडं जातो. एकतीस पाट्या एका आठवड्यात म्हाताऱ्या केल्या होत्या. त्यांतली एक तान्ही होती, हे तिच्या लक्षात आलं नाही, सबनीसांच्या आलं नाही, आणि ती तीनदा हातात धरून माझ्याही आलं नाही.

“तुम्हाला माहीत होतं,” केतकी म्हणाली.

चाचांनी ब्रश फडक्याला पुसला.

“पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मग बोलला का नाहीत?”

“तुम्ही कुठं विचारलासा? तुम्ही विचारलं, अजून किती जुनी करू.”

…

ती उठली. उठताना ती पुन्हा मुंबईची झाली होती, कामाला लागलेली.

“दुसरा पत्रा काढते. स्टेन्सिल आहेतच. आत्ता चार वाजलेत, तासाभरात रंग भरून होईल. सकाळपर्यंत खडखडीत वाळेल.”

“बघू स्टेन्सिल.”

तिनं ते चाचांच्या हातात दिले. चाचांनी ते नीट एकावर एक रचले, खाली ठेवले आणि त्यांवर मांडी घालून बसले.

केतकी बघतच राहिली.

“पत्र्याला पांढरा हात मी आज मारून ठेवतो,” चाचा म्हणाले. “अक्षरं सकाळी. सहाला या.”

“सहाला लिहिली तर सातला ओली असतील.”

“व्हय.”

“ओली पाटी कशी चालेल?”

“पाटी आजचीच हाय न्हवं?”

“आजची आहे म्हणजे अगदी…” तिनं हात पुढं केला. “आणि स्टेन्सिल?”

“त्याच्यावर मी बसलोय की.”

मी तोंड फिरवून रंधा मारायला लागलो, कारण हसू आवरत नव्हतं. ती खरोखर रडकुंडीला आली होती, आणि हसणारा मी एकटाच होतो. चाचा हसत नव्हते.

…

सकाळी सहाला माळावर धुकं होतं. पांढरा पत्रा कट्ट्यावर भिंतीला टेकवून ठेवला होता. चाचांनी सुतळीला खडू फासून दोन आडव्या रेघा मारल्या होत्या. पुढं निळ्या रंगाचा डबा, आणि काल कातरलेला ब्रश.

चाचांनी ब्रश केतकीपुढं धरला.

“मी?”

“हं.”

“चाचा, मी हातानं कधी पाटी लिहिलेली नाही.”

“बाईनं तरी कधी खानावळ चालवलीया?”

केतकीनं ब्रश घेतला. रंगात बुडवला, डब्याच्या काठाला पुसला, पत्र्याजवळ नेला. तिनं तो मागं घेतला. पुन्हा नेला, पुन्हा मागं घेतला.

चाचांनी हात टेकायची आपली काठी तिच्या मनगटाखाली आडवी धरली. गुळगुळीत झालेली, टोकाला चिंधी बांधलेली काठी. पन्नास वर्षांत ती त्यांनी दुसऱ्या कुणाला दिल्याचं मी ऐकलेलं नव्हतं.

“श्वास सोड, पोरी. धरून ठिवलास तर अक्षरात अडकतो.”

कालपर्यंत ती ताई होती. बदल तिच्या कानावर पडला की नाही, कोण जाणे. तिनं श्वास सोडला आणि ‘गो’ लिहिला.

तो काही सुरेख नव्हता. काना जरा कलला होता. ‘दा’ त्याहून बरा आला. ‘बाईंची’ लिहिताना तिची जीभ दातांत आली, शाळेतल्या पोरीसारखी. मग ‘खाना’. मग ‘व’.

आणि मग जागा संपली.

‘ळ’ला हवी तेवढी जागा उरलीच नव्हती. तिनं तो कसाबसा कोंबला. बाकीची अक्षरं ऐसपैस मांडी घालून बसलेली आणि हा बिचारा कडेला अंग चोरून उभा.

“चुकलं,” ती म्हणाली. “पुसते. परत लिहिते.”

“किती वाजलं?” चाचांनी मला विचारलं.

“सातला पाच कमी.”

“मग झाली पाटी.”

…

मी शिडी आणली. चाचांनी मला अडवलं.

“ठोकू नको. वल्ली हाय.”

मग पाटी दाराशेजारी कट्ट्यावरच राहिली, भिंतीला टेकलेली.

सबनीस आले. त्यांनी पाटीकडं बघितलं. केतकी ताठ उभी होती, हात पाठीमागं. बोटांना निळा रंग लागला होता, तो लपवत होती.

“वर का नाही लावली?”

“ओली आहे, सर. आत्ताच लिहिली.”

सबनीस वाकले. त्या चिमटलेल्या ‘ळ’कडं त्यांनी बराच वेळ बघितलं… चांगली आहे म्हणाले नाहीत, वाईट आहे म्हणाले नाहीत. वळले आणि कॅमेऱ्याच्या माणसांना सांगितलं, “इकडं भिंतीच्या अंगाला घ्या कॅमेरा. बाई दारातून येतील.”

कॅमेरा सरकला. तो का सरकला हे तेव्हा कुणी विचारलं नाही.

तेंडोलकरबाई आल्या. गोदाबाईचं काम त्या करत होत्या. चाळीस वर्षं नाटकांत घालवलेल्या बाई, साधं पांढरट लुगडं नेसलेल्या. केतकी धावत त्यांच्याकडं गेली.

“बाई, रंग ओला आहे. हात नका लावू.”

“नाही गं लावत,” बाई म्हणाल्या.

…

शॉट सुरू झाला.

बाई आतून आल्या. हाताला पीठ होतं. पाटी बघितली आणि थांबल्या. उभं राहून वाचायचं, जरासं हसायचं, आत जायचं, एवढंच ठरलेलं होतं.

बाईंनी वाचलं. ओठ हलवत, एकेक अक्षर, नव्यानं वाचायला शिकलेलं माणूस वाचतं तसं. शेवटच्या अक्षराशी त्या अडखळल्या. तो कडेला दबलेला ‘ळ’ त्यांना आधी ओळखूच आला नाही. वाकून बघितलं. ओळखला. मग त्या हसल्या नाहीत. पाटीसमोर उकिडव्या बसल्या.

आणि त्यांनी ‘गो’वर बोट ठेवलं.

केतकीनं माझा दंड धरला.

बोट ‘गो’वरून ‘दा’वर गेलं. रंग ओढला गेला. बाईंनी बोट उचलून बघितलं. निळं झालं होतं. क्षणभर त्या बोटाकडंच बघत राहिल्या, मग पदराला पुसलं, आणि आत काहीतरी उतू जातंय अशा घाईनं उठून निघून गेल्या.

माळावर तीनशे माणसं होती आणि घोडासुद्धा गप्प होता.

“कट,” सबनीस म्हणाले. अगदी हळू.

…

पहिली ओरडली ती कपड्यांचं बघणारी बाई. लुगडं एकच होतं. पुढच्या चार सीनला तेच लागणार होतं. ती डाग काढायला तार्पिनची बाटली घेऊन धावली.

“काढू नका,” सबनीस म्हणाले. “डाग राहू दे. चारही सीनमध्ये राहू दे.”

“आणि पाटी, सर?” केतकीनं विचारलं. “बोटानं अक्षरं फरफटलीत. पाटीचा वेगळा शॉट घ्यायचा असेल तर मी नीट करून देते, दहा मिनिटांत.”

“नको. लागणार नाही.”

ती मॉनिटरकडं गेली. नुकताच झालेला शॉट तिथं पुन्हा दाखवत होते. तिनं तो एकदा बघितला, दुसऱ्यांदा बघितला. मी लांबून तिच्या पाठीकडं बघत होतो आणि मला काय ते समजलं.

कॅमेरा पूर्ण वेळ बाईंच्या चेहऱ्यावर होता. बाई खाली बसल्या तसा तो त्यांच्याबरोबर खाली आला, मग हातावर गेला, मग पदरावर. पाटी कॅमेऱ्याला कडेनं पडत होती.

…

चाचा कट्ट्याच्या मागं बसून तार्पिनमध्ये ब्रश धूत होते. केतकी येऊन त्यांच्यासमोर बसली.

“चाचा, पाटी दिसलीच नाही.”

चाचांनी ब्रश पिळला. निळं पाणी मातीत गेलं.

“नुसती कड दिसते. पांढरी, एवढीशी. अक्षर एकही नाही.”

“हं.”

“आठ महिने. आणि आजची सकाळ. लोकांना कळणारसुद्धा नाही, तिथं काय लिहिलं होतं.”

…

समोर तेंडोलकरबाई खुर्चीत बसून चहा पीत होत्या. डाग फिसकटू नये म्हणून त्यांनी पदर मांडीवर उलगडून पसरला होता, आणि एका हातानं त्यावर वर्तमानपत्रानं वारा घालत होत्या.

चाचांनी ब्रश फडक्यानं कोरडा केला, केस चिमटीत धरून टोक जुळवलं. मग ब्रशाच्या दांडीनं तिकडं दाखवलं.

“मग त्या पदराला काय लागलंय?”